सुलतानची काठी, कात्री मागणारी पोर आणि गेस्टाल्ट नावाचं प्रकरण

गणपतीच्या मांडवावर ती पळणारी लाइटिंग असते ना, बल्बची माळ, आणि उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुर्रकन धावत जातो. खरं तर धावत काहीच नसतं. एक बल्ब पेटतो विझतो, मग शेजारचा पेटतो विझतो, बस. प्रत्येक बल्ब आपल्या जागेवर ठाम. आपल्याला हे पक्कं माहीत असतं आणि तरी डोळ्याला ते धावतानाच दिसतं, स्वतःला कितीही समजावलं तरी फरक पडत नाही. गेस्टाल्ट (जर्मन शब्द, अख्खी आकृती किंवा रचना अशा अर्थाचा) म्हणतात ते मानसशास्त्र नेमकं ह्याच गोष्टीपासून सुरू झालं, फक्त बल्बच्या जागी दोन रेघा होत्या.

१९१० साल. मॅक्स वर्थायमर नावाचा तिशीतला माणूस, मूळचा प्रागचा, व्हिएन्नाहून ऱ्हाइनलँडकडे सुट्टीला निघालेला. गाडीत बसल्याबसल्या डोक्यात हा प्रश्न घुसला की जिथे काही हलतच नाही तिथे हालचाल दिसते कशी, आणि पठ्ठ्या सुट्टी सोडून मधेच फ्रँकफर्टला उतरला, एक खेळण्यातला स्ट्रोबोस्कोप विकत घेतला (फिरवला की आतली चित्रं हलायला लागतात ते खेळणं) आणि हॉटेलच्या खोलीतच प्रयोग सुरू केले. नंतर तिथल्या मानसशास्त्राच्या संस्थेत त्याला जागा आणि नीट उपकरण मिळालं, आणि प्रयोगात बसायला दोन तरुण मिळाले, वुल्फगँग कोहलर आणि कुर्ट कोफका. गेस्टाल्टचं त्रिकूट म्हणतात ते हेच.

प्रयोग साधा होता. एक रेघ दाखवायची, मग जरा बाजूला दुसरी, आणि मधला वेळ बदलत राहायचा. अंतर साधारण २०० मिलिसेकंद ठेवलं तर सरळ आधी एक मग दुसरी अशा दोन रेघा दिसतात. ३० च्या आसपास आणलं तर दोन्ही एकदमच पेटल्यासारख्या दिसतात. पण ६० च्या आसपास ठेवलं की गंमत होते, दोन रेघा दिसतच नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. काही वेळा तर त्याहून विचित्र, लोक म्हणायचे की रेघ सरकताना दिसली नाही, नुसतीच हालचाल दिसली, हलणारी वस्तू नाही पण हलणं आहे. ह्याला वर्थायमरने 'फाय' म्हटलं आणि १९१२ मध्ये पेपर छापला.

आता तुम्ही म्हणाल ह्यात एवढं काय, सिनेमा तेव्हा होताच की. हो, परिणाम आधीपासून माहीत होता. पण त्या काळचं मानसशास्त्र काय म्हणायचं ते बघा. वुंट साहेबांनी १८७९ मध्ये लाइपझिशला प्रयोगशाळा काढली होती आणि तिथून निघालेला विचार असा की अनुभव म्हणजे छोट्या छोट्या संवेदनांची बांधणी, विटेवर वीट रचून भिंत होते तसं. थोडा लाल रंग, थोडा गोलपणा, थोडा गुळगुळीतपणा, सगळं जोडलं की सफरचंद. मग मन समजायचं तर विटा शोधा. वर्थायमरचा मुद्दा असा की बाबा, ह्या हालचालीची वीट दाखव मला. पहिल्या रेघेत हालचाल नाही, दुसऱ्या रेघेत नाही, मग ती आली कुठून? ती दोघींमधल्या नात्यात आहे, आणि बघणाऱ्याला ते नातंच आधी दिसतं, सुटे तुकडे दिसतच नाहीत.

ही कल्पना एकदम आकाशातून पडली नव्हती. क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स म्हणून एक ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ होते, त्यांनी १८९० मध्येच सुरावटीचं उदाहरण दिलं होतं, आणि हे उदाहरण समजायला आपल्यासारखे लोक नाहीत कारण आपल्याकडे सा हलवता येतो. बुवा काळी एकमध्ये भूप गातात, बाई काळी पाचमध्ये गातात, प्रत्येक सुराची पट्टी बदलते, पण भूप तो भूपच, लहान मूलसुद्धा ओळखतं की तेच गाणं आहे. म्हणजे तुकडे सगळे बदलले आणि अख्खी गोष्ट तशीच राहिली. उलटं पण करून बघा, पेटी असेल घरी तर. भूपाच्या पाच पट्ट्या घ्या, सा रे ग प ध. आता त्याच पाच पट्ट्या, एकही बदलायची नाही, फक्त जो ग होता त्याला सा माना. मालकंस झाला! प ला सा माना, दुर्गा झाला. आता तुकडे तेच आणि अख्खी गोष्ट पूर्ण वेगळी, भूप कुठे आणि मालकंस कुठे. गाणारे लोक ह्याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यांना ह्यात काही नवीन वाटणार नाही, पण गेस्टाल्ट जे म्हणतं ते ह्याहून चांगलं समजवणं अवघड आहे.

ह्यावरूनच ते वाक्य, जे मोटिव्हेशनवाल्यांनी पार चघळून टाकलंय, की संपूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं. कोफका असं म्हणायचा नाही. त्याचं म्हणणं होतं की संपूर्ण हे बेरजेपेक्षा वेगळं असतं. मालकंस काही भूपापेक्षा मोठा नाही, वेगळा आहे. इथे बेरीज हा हिशोबच लागू नाही. टीमवर्कच्या पोस्टरवर हे वाक्य दिसलं की मला उगाच त्रास होतो, असो.

मग १९२३ मध्ये वर्थायमरने दुसरा मोठा पेपर लिहिला, आणि सगळ्यात जास्त प्रसिद्ध झाला तो हाच. सुरुवात साधारण अशी आहे की मी खिडकीत उभा आहे, मला घर दिसतं, झाडं दिसतात, आकाश दिसतं. हिशोबाने बघायला गेलं तर उजेडाच्या आणि रंगाच्या ३२७ छटा असतील. पण मला ३२७ दिसतात का? नाही, घर, झाडं आणि आकाश दिसतं. मग प्रश्न असा की त्या ढिगातून घर वेगळं कोण काढतं, कुठल्या छटा एकमेकींबरोबर जायच्या हे कशावरून ठरतं. त्याची उत्तरं म्हणजे ते प्रसिद्ध नियम. जवळचं जवळच्याबरोबर जातं:

●● ●● ●● ●●

इथे आठ ठिपके दिसतच नाहीत, चार जोड्या दिसतात. सारखं सारख्याबरोबर जातं:

●●○○●●○○

इथे अंतर सगळीकडे सारखं आहे तरी गट पडलेच. एकत्र हलतं ते एक वाटतं, म्हणून पानात लपलेला किडा हलेपर्यंत दिसत नाही आणि हलला की एकदम अख्खा दिसतो. रेघा एकमेकींना छेदून गेल्या तरी डोळा सरळ जाणारा रस्ता धरतो. अपुरा गोल आपण पुरा करतो. आणि ह्या सगळ्याच्या वर एक मोठा नियम, की शक्य तितकी साधी, सुटसुटीत, नीट आकृती दिसण्याकडे मनाचा कल असतो. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिनने १९१५ मध्येच ते फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं चित्र दिलं होतं, ते पण ह्याच घरातलं, आकृती कुठली आणि मागची जागा कुठली हे ठरल्याशिवाय दिसणं सुरूच होत नाही. डिझाइनच्या कोर्समध्ये हे नियम पाठ करून घेतात आणि ॲप बनवणाऱ्यांना ते उपयोगी पडतात, फॉर्ममध्ये 'नाव' हा शब्द चुकून वरच्या चौकटीच्या जवळ पडला की लोक नाव वरच्या चौकटीत लिहिणारच. त्यात लोकांची चूक काही नाही.

एक उदाहरण मात्र आपल्या लिपीतलं देतो कारण ते कुठल्या यादीत सापडणार नाही. स्टीफन पामर आणि अर्विन रॉक ह्या दोघांनी १९९४ मध्ये ह्या यादीत एक भर घातली, की जे सलग जोडलेलं आहे ते एक दिसतं, आणि हे जवळपणापेक्षाही जोरदार असतं. आपली शिरोरेषा हेच काम करते ना! अक्षरं वरच्या रेघेने जोडली की शब्द, रेघ तुटली की शब्द संपला, वाचताना डोळ्याला शब्दांचे ठोकळे आयते मिळतात. आता मोडी आठवा. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. म्हणजे रेघ आहे पण ती सगळ्यांनाच जोडते, शब्द वेगळे काढायला तिचा काही उपयोग नाही. म्हणून मोडी नव्याने शिकणारा माणूस अक्षरं सगळी ओळखू येऊनही ओळीपाशी अडकतो. आणि मुरलेला वाचणारा तीच ओळ सरसर वाचतो, त्याला 'राजश्री' किंवा 'दंडवत' अख्खंच्या अख्खं दिसतं. कागद तोच, शाई तीच, पण ह्याला जे दिसतं ते त्याला दिसत नाही.

इथेच गेस्टाल्टची दुसरी बाजू येते जी मला जास्त महत्त्वाची वाटते, शिकणं. त्यांच्या लेखी शिकणं म्हणजे डोक्यात नवीन तुकडे भरणं नव्हे, समोरची गोष्ट वेगळ्या रचनेत दिसायला लागणं. दिसणं आणि समजणं ह्यात ते फार मोठी भिंत मानत नाहीत.

डीएड, बीएड केलेल्यांना किंवा टीईटीचा अभ्यास केलेल्यांना कोहलर म्हटलं की 'सुलतान, केळं, मर्मदृष्टी' एवढं गाईडमधलं आठवतं आणि एक मार्क मिळतो (मर्मदृष्टी म्हणजे इनसाइट, एकदम उलगडा होणं). खरी गोष्ट त्याहून मजेदार आहे. कोहलर १९१३ च्या शेवटी टेनेरिफ बेटावर गेला, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं स्पेनचं बेट, तिथे प्रशियन अकादमीचं वानरांच्या अभ्यासाचं केंद्र होतं. महायुद्ध सुरू झालं आणि तो तिथेच अडकला, १९२० पर्यंत. हाताशी चिंपांझींचा एक कळप आणि भरपूर वेळ.

त्याच्या आधी अमेरिकेत थॉर्नडाइक ह्या मानसशास्त्रज्ञाने मांजरांना पेटाऱ्यात कोंडून दाखवलं होतं की प्राणी धडपड करतात, चुकून कडी निघते, हळूहळू चुका कमी होतात, शिकणं म्हणजे एवढंच, प्रयत्न आणि प्रमाद. कोहलरची तक्रार अशी की अरे पण तू कडीचं यंत्र मांजराला दिसणारच नाही असं बांधलंस, मग ते बिचारं आंधळी धडपड करण्याशिवाय करणार काय? सगळे भाग डोळ्यांसमोर उघडे ठेव आणि मग बघ. म्हणून त्याने केळं उंच टांगलं आणि खोकी जवळच ठेवली, किंवा केळं गजांच्या पलीकडे ठेवलं आणि काठ्या अलीकडे.

सुलतान हा त्यातला हुशार. त्याला दोन पोकळ बांबूच्या काठ्या दिल्या, एकही एकटी केळ्यापर्यंत पोचत नाही, बारकी जाडीच्या तोंडात बसते. तासाहून जास्त वेळ सुलतान फेल. कोहलरने तर त्याच्यासमोर काठीच्या भोकात बोट घालून इशारापण दिला, काही उपयोग नाही. कोहलर कंटाळून निघून गेला. मग राखणदाराने पाहिलं की सुलतान खोक्यावर बसून काठ्यांशी नुसताच चाळा करतोय, चाळा करताना दोन्ही काठ्या एका रेषेत आल्या, त्याने बारकी जाडीत सरकवली, आणि क्षणात उठून पळत गजांपाशी जाऊन केळं ओढायला लागला. गाईडमध्ये हे असं येत नाही, तिथे सुलतान 'अचानक विचार करून' काठ्या जोडतो. खरं तर त्यात योगायोगाचा हात होता आणि कोहलरने हे लपवलेलं नाही. त्याचा मुद्दा पुढच्या क्षणाचा आहे, की काठ्या जुळल्या हे दिसल्यावर त्या काठ्या उरल्या नाहीत, ती एक लांब काठी झाली आणि लगेच केळ्याशी तिचं नातं जुळलं, मधे घुटमळणं नाही. मला खोक्यांचे प्रयोग पण आवडतात, ग्रँड नावाची चिंपांझीण चार खोकी रचायची पण तो डोलारा कायम डुगडुगता, कारण 'उंची हवी' हे तिला समजलं होतं आणि 'तोल हवा' हे समजलं नव्हतं, एकाच कामातला अर्धा भाग कळला आणि अर्धा नाही.

ह्यावर टीका पण झाली आणि रास्त झाली. १९४५ मध्ये हर्बर्ट बर्चने दाखवलं की ज्या चिंपांझींनी आधी काठ्या हाताळलेल्या नसतात ते बहुतेक अडकतात, आणि त्यांना काही दिवस काठ्या नुसत्या खेळायला दिल्या की मग ते प्रश्न पटकन सोडवतात. १९८४ मध्ये रॉबर्ट एपस्टीन आणि सहकाऱ्यांनी तर कबुतरांना खोकं ढकलायला आणि खोक्यावर चढायला वेगवेगळं शिकवलं आणि मग टांगलेल्या केळ्याच्या खेळण्याखाली सोडलं, कबुतरांनी दोन्ही जोडून ते सोडवलं. म्हणजे मर्मदृष्टी काही हवेतून येत नाही, आधीचा अनुभव लागतोच. मला विचाराल तर ह्याने कोहलर खोटा ठरत नाही, पण 'अचानक' ह्या शब्दाची हवा बरीच निघते.

शिकण्याबद्दल सगळ्यात भारी काम मात्र माझ्या मते वर्थायमरचंच, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये पुस्तक होऊन आलं. त्यातला समांतरभुज चौकोनाचा किस्सा प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने वाचावा. वर्थायमर एका वर्गात जाऊन बसला. मुलांना आयताचं क्षेत्रफळ येत होतं. शिक्षकांनी समांतरभुज चौकोन काढला, वरच्या कोपऱ्यांतून दोन लंब टाकले, पाया थोडा वाढवला, सिद्ध केलं की क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. मुलांनी वेगवेगळ्या मापांची उदाहरणं धडाधड सोडवली, सगळी बरोबर. वर्थायमरने शिक्षकांची परवानगी घेतली आणि फळ्यावर तोच चौकोन काढला पण वळवून, लांब बाजू उभी येईल असा. झालं. काही मुलं गोंधळली, काहींनी सवयीने वरून लंब टाकले आणि ते भलतीकडेच पडले, आणि एकाने सरळ सांगितलं की हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही.

मग त्याने शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लहान पोरांना हाच आकार दिला. साडेपाच वर्षांच्या एका मुलीने बघितलं आणि एका टोकाकडे बोट दाखवून म्हणाली इथे बरोबर नाहीये, मग दुसऱ्या टोकाकडे, इथे पण नाही. जरा वेळाने कात्री मागितली, एका बाजूचा तिरका तुकडा कापला आणि दुसऱ्या बाजूला लावला, आयत तयार. आणखी एका मुलाने तर कागद वाकवून दोन्ही टोकं जुळवली, कडं झालं, मग ते सरळ उभं कापलं, उलगडलं की आयत! ह्या पोरांना सूत्र माहीत नव्हतं पण तिरकेपणाची कटकट दोन्ही टोकांना आहे आणि एका टोकाचं जास्तीचं दुसऱ्या टोकाला हवंय, हे नातं दिसलं. वर्गातल्या मुलांकडे पायऱ्या होत्या, हे नातं नव्हतं. आणि पहिल्या प्रकारच्या परीक्षेत हा फरक कळतच नाही, दोघांनाही पैकीच्या पैकी.

वर्थायमरच्या हाताखाली काम केलेल्या अब्राहम लचिन्सने १९४२ मध्ये ह्याच्या उलट्या बाजूवर प्रयोग केला, की येत असलेली युक्ती आंधळं कशी करते. तीन भांडी, २१, १२७ आणि ३ मापांची, १०० मापं पाणी मोजून काढायचं. मोठ्यातून पहिलं एकदा काढा, तिसरं दोनदा काढा, १२७ वजा २१ वजा ३ वजा ३, आलं १००. अशी चार-पाच गणितं एकाच युक्तीने सुटतात. मग येतं २३, ४९ आणि ३ ची भांडी, हवंय २०. बहुतेक लोक लगेच ४९ वजा २३ वजा ३ वजा ३ करतात, उत्तर बरोबरच येतं. पण २३ मधून ३ काढले की झालं ना! ज्यांनी आधीची गणितं केलेली नसतात त्यांना हे लगेच दिसतं. साधारण त्याच काळातला कार्ल डुंकर, ह्याच लोकांच्या बर्लिनच्या संस्थेतला, त्याचं मेणबत्तीचं कोडं पण असंच, दारावर मेणबत्ती बसवायची आहे आणि टाचण्यांनी भरलेली डबी समोर आहे, डबी रिकामी करून दारावर टाचली की तिच्यावर मेणबत्ती उभी राहते. डबी भरलेली दिली तर लोक अडकतात, रिकामी दिली तर सोपं जातं, कारण भरलेली डबी ही 'टाचण्या ठेवायची जागा' दिसते, फळी दिसत नाही.

एवढं सगळं असताना हे लोक पुस्तकात चार नियम आणि एक चिंपांझी एवढेच का उरले? एक कारण हिटलर. बर्लिनची त्यांची संस्था जुन्या राजवाड्यात होती, कोहलर संचालक, १९२० च्या दशकात जगभरातून विद्यार्थी यायचे. १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात झाली. वर्थायमर ज्यू, तो त्याच वर्षी न्यूयॉर्कला निघून गेला. कोहलर ज्यू नव्हता, गप्प बसला असता तर खुर्ची सुरक्षित होती. त्याने २८ एप्रिल १९३३ ला बर्लिनच्या एका दैनिकात ह्या हकालपट्टीविरुद्ध उघड लेख लिहिला, आणि त्या रात्री अटक होणार म्हणून घरी सगळे वाट बघत बसले, वेळ काढायला वाद्यं काढून संगीत वाजवत. अटक झाली नाही. दोन वर्षं संस्थेत घुसखोरी, झडत्या, सहकाऱ्यांना त्रास, शेवटी १९३५ मध्ये तो पण अमेरिकेला गेला. कोफका १९२७ पासून तिथेच होता. पण तिघांनाही पीएचडीचे विद्यार्थी घडवता येतील असं मोठं विद्यापीठ मिळालं नाही, आणि अमेरिकेत तेव्हा वर्तनवाद्यांचं राज्य, म्हणजे मनाचं सोडा, बाहेरून दिसणारं वागणं तेवढं मोजा म्हणणारे लोक, उंदीर आणि भुलभुलैया. (गेस्टाल्ट थेरपी हे पूर्ण वेगळं प्रकरण, नाव उसनं घेतलेलं, ह्या तिघांचा तिच्याशी संबंध नाही.)

दुसरं कारण त्यांची स्वतःची चूक. कोहलरला वाटायचं की डोळ्यासमोर जी रचना दिसते तिच्यासारखीच विजेच्या क्षेत्राची रचना मेंदूत तयार होते. कल्पना सुंदर, पण तपासता येण्यासारखी होती आणि तपासली गेली. कार्ल लॅशली ह्या अमेरिकन मेंदू-संशोधकाने १९५१ मध्ये माकडाच्या मेंदूवर सोन्याचा पातळ पत्रा बसवला म्हणजे असं क्षेत्र असलंच तर विस्कटेल, रॉजर स्पेरीने मांजरांच्या मेंदूत अभ्रकाचे तुकडे घातले. प्राण्यांना आकार ओळखायला फारशी अडचण आली नाही. मेंदूतल्या क्षेत्राचा विषय तिथे जवळपास संपला, आणि लोकांनी पाण्याबरोबर मूलही फेकून दिलं, म्हणाले हे नियम म्हणजे नुसतं वर्णन आहे, कारण कुठे सांगताय?

कारण सापडायला वेळ लागला आणि ते वेगळ्याच ठिकाणी सापडलं. इटलीच्या ट्रिएस्टमधल्या गाएतानो कानिझाने १९५५ मध्ये एक चित्र दिलं होतं, तीन काळ्या चकत्या, प्रत्येकीतून केकसारखा तुकडा कापलेला, आणि मधे एक पांढरा त्रिकोण लख्ख दिसतो ज्याच्या कडा कागदावर काढलेल्याच नाहीत. १९८४ मध्ये रुडिगर फॉन डर हाइट आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या मेंदूत व्ही-टू नावाच्या भागातल्या एकेका पेशीचे सिग्नल मोजले, समोर अशाच न काढलेल्या कडा दाखवून. काही पेशी खरी रेघ दाखवल्यावर जशा उठतात तशाच ह्या नसलेल्या रेघेलाही उठत होत्या, आणि हा भाग दृष्टीच्या वाटेवर अगदी सुरुवातीला येतो, जिथे अजून त्रिकोण, चौकोन असा विचार करायलाही कोणी बसलेलं नसतं.